दोनदा पुसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर. झिजून झिजून आता सुपारीएवढा उरलो आहे. कारखान्यात मोठ्या लादीतून मला कापलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. सरकारी सामानाबरोबर औरंगाबादला आलो आणि आकडेवारी गोळा करणाऱ्या एका कचेरीत सत्यभामाबाईंच्या पिशवीत पडलो. बाई घरोघर जाऊन माणसांची माहिती पेन्सिलीनं लिहीत. सोमवारचा उपवास असला तरी उन्हात एक घर सोडत नसत. "गुणाचा आहे हा, कागद फाडत नाही," असं म्हणत. मला तेवढंही पुष्कळ वाटे.

नामांतराच्या लढ्याचे ते दिवस. चिकलठाण्याला कारखाने वाढत होते आणि मुकुंदवाडीत पत्र्याची नवी घरं उठली होती. त्यातल्या एका दारात बाईंनी विचारलं, "गाव कशासाठी सोडलं, कडुबाभाऊ?"

"कामधंद्यासाठी," कडुबा खाली बघत म्हणाला. बाईंनी तसं लिहिलं.

आतून त्याची बायको बानाबाई बोलली, "गावात काम नव्हतं व्हय? खरं सांगा की. बाई काय पोलीसपाटील हायेत?"

कडुबा ओशाळून हसला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून तो मोर्चात गेला होता. चार दिवसांनी गावात त्याचं घर पेटवलं होतं.

"घर जाळलं म्हून आलो, असं लिवा बाई. उद्या सरकारला घर मागायचं तर कागदावर पायजे."

बाईंनी मला त्याच्यासमोर फिरवलं. 'कामधंदा' गेलं, 'घर जाळलं' आलं. त्या वस्तीत अशी एक्केचाळीस घरं निघाली.

कचेरीत तात्यासाहेबांनी कागद चाळले. ते बाईंचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"बाई, वरून निरोप आलाय. कारखाने आले म्हणून माणसं शहरात आली, असा अहवाल हवा. हे जाळपोळीचं काढा."

"दारात सांगितलेलं इथं बसून कसं बदलायचं?"

"अहो, या कडुबानं आधी कामधंदाच सांगितलं होतं. पुसट दिसतंय की खाली. उपवास करणारी माणसं तुम्ही, एका शब्दासाठी कशाला जिवाला घोर लावून घेता?"

बाई हळूच म्हणाल्या, "तो शब्द माझा नाही, साहेब. माझा असता तर दिला असता."

तेव्हा तात्यासाहेबांनी स्वतःच मला उचललं. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. मी एक्केचाळीस कागदांवर फिरलो आणि प्रत्येकावर 'कामधंदा' आलं. कडुबाच्या कागदाला तर त्या जागी भोकच पडायचं राहिलं. आसपास सात टेबलं होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

महिन्याभरात बाईंची बदली झाली. मी तात्यासाहेबांच्या खणात राहिलो.

पुढं जळालेली घरं बांधून द्यायचं ठरलं, तेव्हा याद्या या कागदांवरूनच झाल्या. कडुबा आणि बानाबाई चौकशीला आले. कारकून म्हणाला, "तुम्ही तर कामाला आलात. इथं लिहिलंय."

बानाबाईनं वाकून कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं.

"मंग आमचं घर जळालंच नाय म्हणता?" तिनं विचारलं.

कारकुनानं कागद परत गठ्ठ्यात ठेवला. ती दोघं निघून गेली.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्यातरी कचेरीत बसाल. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हळू आवाजात 'नाही' म्हणेल. त्या माणसाला एकटं पाडू नका. त्या दिवशी एक जरी खुर्ची मागं सरकली असती, तरी तात्यासाहेबांनी मला खाली ठेवलं असतं. पुसताना ते राहून राहून बाकीच्या टेबलांकडे बघत होते. मला कळत होतं.