आधी बसू दे

“थांब, आधी मला बसू दे. मग दे तिला,” सासूबाई दर वेळी म्हणायच्या. सून मनात म्हणायची, काय बाई थाट! उभ्या उभ्या नात घेतली तर काय बिघडणार आहे? बाटली दोनदा उकळणारी, दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपणारी सून. पण हे बोलणं तिने कधी मनावर घेतलं नाही.

आता सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मैत्रिणींबरोबर परदेशी सहलीला गेल्या आणि हॉटेलच्या जिन्यात पडल्या. सून मांडीवर बाळ घेऊन प्रवास विम्याचा अर्ज भरायला बसली होती. तिकीट, दवाखान्याचा अहवाल, बिलं, औषधांच्या पावत्या... मोडल्या हाताने सासूबाईंनी सगळं तारीखवार लावून आणलं होतं.

“एक्स-रे उलटा धरलायस,” समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

सून हसली. “अपघात कसा झाला ते सांगा. लिहिते.”

“पायरी ओली होती, असं लिही,” स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून नवरा म्हणाला. “उगाच फाटे नकोत.”

“तू होतास का तिथे? आला मोठा साक्षीदार!” सासूबाई म्हणाल्या. “पायरी कोरडी होती. मला चक्कर आली.”

पेन थांबलं.

“आई, चक्कर आधीपासून यायची का, असं विचारतील,” नवरा म्हणाला. “ दावाच फेटाळतील. बिल केवढं झालंय!”

“यायची, म्हणून सांगायचं. विमा काढताना मी तुला बोलले नव्हते, हेही लिहा.”

“कधीपासून?” सुनेने विचारलं.

“ही कुशीवर वळायला लागली तेव्हापासून.”

“आणि कुणाला बोलला नाहीत?”

“बोलले असते, तर हिला माझ्याकडे दिली असतीस?”

सुनेने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. सासूबाईंनी सांगितलं तसंच तिने लिहिलं, वाचून दाखवलं. सासूबाईंनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

बाळ त्यांच्याकडे झेपावलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

“आत ने तिला,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

सून उठली, टेबलाला वळसा घालून गेली.

“बसलाच आहात ना?” तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. “मग घ्या की.”

विम्याचं उत्तर अजून आलेलं नाही. डॉक्टरांकडे मात्र दोघी उद्याच जाणार आहेत. तुमच्याही घरात बाळाला घेण्याआधी कुणी हळूच खुर्ची शोधत असेल, तर आज जरा जवळ बसून विचारा.