किटलीतलं कोरं पाणी

मी एक चिनी मातीची चहाची किटली. जन्म इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या भट्टीतला. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हेस्टरबाईंच्या नवसापासून.

ईस्टरआधीच्या उपवासात लंडनची भाविक माणसं काही ना काही सोडतात. कुणी साखर, कुणी तंबाखू. बाईंनी त्या वर्षी चहाच सोडला. खिडकीपाशी गुडघे टेकून म्हणाल्या, "देवा, ते दोघं माझ्या टेबलाशी येऊन बसेपर्यंत ही किटली भरणार नाही."

ते दोघं म्हणजे काउंट लाझार आणि डॉक्टर मिर्को. एकाच नदीच्या दोन काठांवरच्या दोन देशांचे दूत, भांडण पाण्याचं. दोन्ही काठांवर तोफा येऊन थांबल्या होत्या. बाईंचे यजमान सर अँब्रोझ थॅकरी सरकारात मंत्री, तंटा मिटवायचं काम त्यांच्याकडे. पण पाहुणे एका खोलीत बसायलाही तयार नव्हते. साहेब निरोप घेऊन या दारातून त्या दारात. थकून घरी आले की नुसतं पाणी मिळायचं.

"हेस्टर, त्या दोघांपेक्षा तूच हट्टी," ते म्हणायचे.

बाई हसायच्या, पण मागच्या युद्धातून न परतलेल्या थोरल्या मुलाचा कप पुसताना त्यांचा हात थांबायचा, ते मी पाहिलंय.

ईस्टर उलटला, मी कोरडीच. बोलणी फिसकटली. दोघं पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघणार होते. साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून दोघांना घरी चहाला बोलावलं. चहाचं आमंत्रण मोडणं दोघांनाही जड गेलं.

ते आले. समोरासमोर बसले. पहिला कप कुणाचा भरायचा? एकाचा आधी भरला की दुसऱ्याचा अपमान. बाईंनी मला उचललं आणि थेट काउंटच्या हाती दिलं. "माझा हात कापतोय. आज तुम्हीच ओता."

काउंटची बोटं माझ्या कानावर आवळली. मग मला डॉक्टरांच्या कपावर वाकवलं.

आणि माझ्या चोचीतून निघालं कोरं पाणी.

आधी किटलीला गरम पाण्यानं ऊब द्यायची, ते ओतून टाकायचं, मग पत्ती घालून वर उकळतं पाणी ओतायचं, ही इथली रीत. इतक्या आठवड्यांनी बाई ऊब द्यायला विसरल्या नव्हत्या, पत्तीच विसरल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, तडकून जावं.

डॉक्टर कपात पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "काउंट, आजवर नदीचं थेंबभर पाणी सोडलं नाहीत. आज दिलंत, तेही गरम करून."

काउंटच्या मिशा हलल्या. "दूध घालू का त्यात?"

आधी डॉक्टर हसले, मग काउंट. बाई तोंडाला पदरासारखा अ‍ॅप्रन लावून आत पळाल्या आणि पत्ती घेऊन आल्या. सकाळची गाडी दोघांनीही सोडली. तह पुढे झाला, बरीच वर्षं टिकला. तोफा मागे गेल्या.

आता बाई नाहीत. माझी चोच फुटलीय, धाकट्या सूनबाई माझ्यात लाकडी चमचे ठेवतात. तक्रार नाही. फक्त एवढं करा. ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलंय, तो तुमच्या घरी येऊन बसेपर्यंत आवडीचं एक काहीतरी सोडा. आणि तो आला, की पहिला कप त्याचा भरा. पत्ती विसरलात तरी चालेल.