दोन साडू आणि एफ

शनिवारी दुपारी चारला लाँड्रीच्या वरच्या खोलीत गिटारचा नवा वर्ग सुरू झाला. सगळ्यात आधी येऊन बसला होता तो चष्मेवाला. वय त्रेपन्न. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि काच घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम तो अजून स्वतःच करायचा. मुलगी शिकायला परगावी गेली, तिची गिटार घरी राहिली. येताजाता पायात येते म्हणून बायको ती कुणाला तरी देऊन टाकायला निघाली होती. त्याने देऊ दिली नाही. ठेवायचीच आहे तर शिकून तरी बघू, इतकाच त्यामागे विचार होता.

त्याच्यानंतर कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या, मग ड्यूटी संपवून एक नर्स आली. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. सगळे तिला टीचर म्हणत आणि ती चष्मेवाल्याला काका म्हणे. ती नावं लिहून घेत असताना दार उघडलं आणि हेल्मेट काखेत धरून लिफ्टवाला आत आला.

लिफ्टवाला म्हणजे चष्मेवाल्याचा सख्खा साडू. थोरली बहीण चष्मेवाल्याला दिलेली, धाकटी याला. बावीस वर्षं तो लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. अलीकडेच कंपनीने त्याला बढती देऊन टेबलाशी बसवलं होतं. दिवसभर फोनवर तक्रारी लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्यांना कामावर धाडायचं. हात रिकामे राहायला लागले तसा तो घरात कुलपं खोलून परत जोडत बसायचा. त्याला बोटांसाठी काहीतरी हवं होतं.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. तीन वर्षांत त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता. लिफ्टवाल्याने नजर फिरवून सगळ्यात लांबची खुर्ची हेरली आणि तिच्यावर जाऊन बसला. खोली एवढीशी होती, त्यामुळे ती खुर्ची चार पावलांवरच होती.

त्यांचं बिनसलं होतं ते सासऱ्यांवरून. सासरे तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. सासूबाईंनी दोन्ही जावयांना फोन लावले. चष्मेवाला दुकान तसंच टाकून पंधरा मिनिटांत पोहोचला. धाकटा फोन उचलेना. वाट पाहून पाहून शेवटी शेजाऱ्याच्या मदतीने त्याने सासऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट तीन जिने उतरवलं. शेवटच्या जिन्यावर त्याच्या पाठीत उसण भरली. लिफ्टवाला रुग्णालयात उगवला तो तीन तासांनी. व्हरांड्यात सगळे नातेवाईक जमले होते. त्यांच्यासमोर चष्मेवाला म्हणाला, "आमचे साडू सगळ्या गावाला वर-खाली करतात. सासऱ्यांना तेवढं खाली आणायला सवड मिळाली नाही."

दोघे-चौघे हसले. लिफ्टवाला औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला. दोन दिवसांनी सासरे गेले. ते वाक्य मात्र नातेवाइकांत बरेच दिवस फिरत राहिलं. सासूबाई धाकट्या मुलीकडे राहायला गेल्या आणि चष्मेवाल्याने त्या घराची पायरी चढणं सोडलं. बहिणी रोज फोनवर बोलायच्या. नवऱ्यांचा विषय निघाला की हवापाण्यावर यायच्या.

पहिल्या वर्गानंतर घरी येताच चष्मेवाल्याने बायकोला विचारलं, "हे तुम्हा बहिणींचं कारस्थान ना?"

सगळं ऐकल्यावर ती हसून हसून खाली बसली. "अहो, त्यांनी घरी ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आता हे मी पोटात किती दिवस ठेवू?"

तिने ते अर्धा तास ठेवलं.

पहिले दोन महिने बरे गेले. बोटांची टोकं सोलली, मग निबर झाली. तीन-चार सोप्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळण्या, सगळ्यांना यायला लागल्या. मग टीचरने एफ नावाची कॉर्ड काढली. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एका दमात दाबायच्या आणि उरलेली तीन बोटं पुढे आपापल्या जागी ठेवायची. टीचरने स्वतःच्या गिटारवर करून दाखवलं तेव्हा ते एखाद्याने दाराला कडी घालावी इतकं सोपं दिसलं. बाकीच्यांनी केलं तेव्हा पाच गिटारांतून मिळून दोन तारा वाजल्या. उरलेल्या खाटेवर काठी आपटल्यासारख्या थडथडल्या.

"एफ म्हणजे फजितीचा फ," नर्स म्हणाली.

महिना झाला तरी तेच. चष्मेवाल्याचं बोट नाजूक कामाला सरावलेलं, त्यात जोर नव्हता. लिफ्टवाल्याच्या हातात जोर होता, पण फार वर्षांपूर्वी दारात सापडून त्याच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर वाकडं झालं होतं. आडवं टाकलं की मधल्या दोन तारा त्या बाकातून निसटायच्या. मैत्रिणींपैकी एकीला रडू फुटलं. टीचरने एक युक्ती काढली. जोड्या करायच्या. एकाने दोन्ही हातांनी कॉर्ड दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या, म्हणजे कान तरी तयार होतील. मैत्रिणी एकमेकींच्या झाल्या, नर्सला टीचरने आपल्याकडे घेतलं, आणि उरले ते दोघे.

त्यांनी ते मुकाट्याने केलं. एकाच गिटारवर दोघं वाकले. चष्मेवाला दाबायचा, लिफ्टवाला एकेक तार छेडायचा आणि न वाजलेल्या तारेवर नखाने टिचकी मारायचा. बोलण्याची गरज पडली नाही. टीचरला वाटलं, काका मंडळी मन लावून काम करतायत.

गिटार वर्गाच्याच होत्या. ने-आण नको म्हणून टीचरने एकसारख्या पाच आणून भिंतीला टांगल्या होत्या. चष्मेवाल्याच्या असं लक्षात आलं, की घरी मुलीच्या गिटारवर एफच्या चार तारा वाजतात आणि इथे एकही धड वाजत नाही. त्याने पुढच्या शनिवारी तसं सांगितलं. "टीचर, गिटारमध्येच काहीतरी आहे."

टीचर हसली. "सगळ्यांना असंच वाटतं, काका. सरावाने येईल."

तेव्हा लिफ्टवाला समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तीन वर्षांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. चष्मेवाल्याचे कान तापले. आठ दिवसांनी तो मुलीची गिटार घेऊनच आला आणि ती साडूच्या मांडीवर ठेवली.

लिफ्टवाल्याने एफ दाबली. तीन तारा वाजल्या. त्याने वर्गाची गिटार घेतली, दाबली. एकही नाही. परत मुलीची. मग त्याने दोन्ही गिटार उजेडाकडे धरून गळ्याच्या टोकाशी असलेली पांढरी पट्टी निरखली. तारा या पट्टीच्या खाचांतून पुढे येतात.

"तारा उंच आहेत," तो म्हणाला.

"तेच मी सांगतोय."

"तसं नाही. पहिल्या घरापाशी, इथे पट्टीजवळ, उंच आहेत. खाचा पुरत्या खोल घासलेल्याच नाहीत. त्यात ही खोली लाँड्रीवर. सगळी वाफ लाकडात जातेय."

टीचरचा चेहरा उतरला. तिने एकच गिटार करून बघायची परवानगी दिली. "बिघडली तर मात्र तुमची जबाबदारी," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी दोघेही तासभर आधी आले. तसं ठरलं नव्हतं. लिफ्टवाल्याने लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमधले विजेचे कॉन्टॅक्ट घासायच्या बारीक कानशी आणल्या होत्या. फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा एक जुडगाही होता. चष्मेवाल्याने डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं. खिडकीपाशी टेबल ओढून ते कामाला लागले. खालून इस्त्रीच्या वाफेचे फुसकारे ऐकू येत होते. लिफ्टवाला तार बाजूला करून खाचेत कानस दोनदा फिरवायचा, तार परत बसवायचा, खाली पट्टी सरकवायचा. चष्मेवाला भिंगातून बघून सांगायचा.

"अजून केसभर."

"झालं?"

"अजून. तळ गोल येऊ द्या, चौकोनी नको."

चौथ्या तारेवर असताना लिफ्टवाला मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी कपाट अडकलं होतं."

चष्मेवाल्याला आधी उमजलं नाही. मग उमजलं. "कपाट?"

"चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. कपाट आणि दोन हमाल. लिफ्ट हिसका देऊन थांबली आणि कपाट एकाच्या छातीवर रेललं. दार उघडायला जागा नाही, वरून छत कापायचं तर खाली माणूस. अडीच तास गेले. फोन गच्चीवरच्या मोटारखोलीत राहिला होता."

"मग?"

"निघाले दोघे. एकाच्या बरगड्या गेल्या होत्या."

चष्मेवाल्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुमचं वाक्य इतकं छान जमलं होतं, की त्याच्यापुढे कपाट काढलं असतं तर लोक अजून हसले असते."

हे खरं होतं. नातेवाइकांच्या बैठकीत ते वाक्य कुणी पुन्हा म्हटलं की आपल्याला किती बरं वाटायचं, ते चष्मेवाल्याला आठवलं.

"ते काही एकदम सुचलेलं नव्हतं," तो म्हणाला. "जेवणाच्या डब्यासाठी घरी गेलो होतो, तेव्हा येताना टॅक्सीत जुळवलं. तुम्ही आधीच आला असतात, तर कुठे वापरू असं झालं असतं मला."

लिफ्टवाल्याने कानशीवरचा पांढरा भुगा फुंकला. "पाचवी बघा," तो म्हणाला. चष्मेवाल्याने भिंग लावलं.

चारला टीचर आली. तिने ती गिटार घेऊन एफ वाजवली. मग दुसरी एक भिंतीवरून काढून वाजवली. मग उरलेल्या चार गिटार टेबलावर आणून ठेवल्या. आपण वर्षभर आधीच्या वर्गांतल्या चांगल्या चांगल्यांना "सराव करा" म्हणून घरी पाठवलं, असं ती नंतर नर्सला म्हणाली. त्यांतले बरेच परत आले नव्हते.

नर्सला त्याच दिवशी एफ आली. मैत्रिणींना पंधरा दिवसांत. चष्मेवाल्याला अजून दोन महिने लागले, कारण गिटार सुधारली तरी बोटातला जोर काही कानशीने येत नाही. तो दुकानात गिऱ्हाईक नसताना टेबलाची कड दाबत बसायचा. लिफ्टवाल्याला मात्र आली नाही. बोटाचं पेर सरळ होणार नव्हतं. टीचरने त्याला वेगळी तऱ्हा दाखवली. आडवं बोट सोडायचं, वरची जाड तार अंगठा मागून वळवून दाबायची. त्याचे पंजे मोठे असल्यामुळे अंगठा पोहोचला. आवाज एफसारखाच यायचा, पण कॉर्ड बदलायला वेळ लागायचा.

"ही खरी एफ नव्हे," तो म्हणायचा.

"ऐकणाऱ्याला काय कळतंय," चष्मेवाला म्हणायचा.

थंडी संपता संपता चष्मेवाला मुलीची गिटार घेऊन साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा साडूच्या घरी गेला. निमित्त साडूने घेतलेली नवी गिटार टांगायला खिळा ठोकायचं होतं. खिळा काय, लिफ्टवाला झोपेतसुद्धा ठोकू शकला असता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. धाकट्या मेहुणीने दार उघडलं आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"काय शिकलात ते वाजवा तरी," त्या म्हणाल्या.

दोघांनी वाजवलं. गाणं दोन मिनिटांचं होतं, त्यांना पाच लागली. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मधे मधे थांबता कशाला?"

"तिथे एफ येते," लिफ्टवाला म्हणाला.

"मग ती गाळा."

"गाळली तर गाणं मोडतं, आई."

"आत्तासुद्धा मोडतंच आहे," त्या म्हणाल्या आणि नाकावरून घसरलेला चष्मा काढून थोरल्या जावयापुढे धरला. "याची दांडी ढिली झालीय. किती दिवस झाले सांगतेय, पण दाखवणार कुणाला?"

चष्मेवाल्याने गिटार बाजूला ठेवली. खिशातून छोटा पेचकस काढून तो उजेडाकडे तोंड करून बसला. मागे लिफ्टवाला तीच जागा पुन्हा घोकत होता. अंगठा कधी पोहोचत होता, कधी नाही. चहा आला, तेव्हा दोघांचेही हात अडकलेले होते, म्हणून मेहुणीने कप मधल्या स्टुलावर ठेवले.