कौसल्याची साक्ष

राळेगावजवळच्या आमच्या गावात मी पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर चालवायचो. कार्तिकात भर दुपारी, ट्रॉलीत कापूस वेचणाऱ्या नऊ बाया बसलेल्या असताना, मला स्टेअरिंगवरच झोप लागली. ट्रॅक्टर नाल्यात उतरला. विमलताईचा उजवा हात मोडला.

अर्धं गाव म्हणालं, देवराव प्याला असेल. बाकीचे म्हणाले, बायको कौसल्या वारून सहा महिने झाले, रात्र रात्र जागत असेल. मी पीत नाही. आणि रात्री तर मेल्यासारखा झोपायचो. तरी सकाळी डोकं जड, अंग ठेचल्यासारखं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपेत श्वास अडकतो का? घरच्या कोणी पाहिलंय?"

"पाहणारी गेली," मी म्हणालो. मग आठवलं. कौसल्या सकाळी चहा देताना म्हणायची, "बाप्पा, तुमी घोरता घोरता एकदम गप्प होता. वीस-बावीस मोजून होते, मंग कोपर मारा लागते, तवा श्वास येते."

मी हसायचो. "तुले झोप नाई येत मनून माहे श्वास मोजतं काय?"

बाईंनी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. मग एक रात्र वायरी लावून तपासणी झाली. तासाला चाळीस वेळा माझा श्वास थांबत होता.

"रोज हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं," बाई म्हणाल्या. "आणि मी पुन्हा तपासून सांगेपर्यंत ट्रॅक्टर बंद."

मशीन मी अंथरुणात कौसल्या झोपायची त्या बाजूला ठेवलं.

दुसऱ्याच सकाळी पुंडलिकराव चावी घेऊन दारात. "कापूस फुटून राह्यला, ड्रायव्हर भेटत नाई. घोरे तं माहा बापही. ऐंशी वर्षं जगला."

"त्यायच्या मांगं ट्रॉली नव्हती, मालक."

"हळू चालव. डुलकी आली तं बाया हाक मारतीन."

"बाया कापूस वेचतीन का मले जागवतीन? चावी तुमच्याजवळ ठेवा. मी वेचणीले येतो."

"बायायमंदी?"

"हो."

वेचणीला जाताना कमरेला बांधायचं कौसल्याचं फडकं खुंटीवर तसंच होतं. ते बांधून मी बायांबरोबर पायी निघालो. वाट तीन किलोमीटरची. त्यातली प्रियंका म्हणाली, "देवरावभाऊ, मांगं बोंडं सोडू नका हो. कौसल्यावहिनी वरून शिव्या देईन."

सगळ्या हसल्या. मीही.

शेतात विमलताई हात गळ्यात बांधून पाणी पाजायच्या कामावर होती. अपघातानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. दुपारी मी तिच्यापुढे उभा राहिलो.

"चालून चालून बायायचे पाय गेले," ती म्हणाली. "ट्रॅक्टर कवा?"

"डॉक्टरीण म्हणन तवा."

"अन् तिनं नाईच म्हटलं तं?"

"तं नाई."

तिने डाव्या हाताने पाण्याचा गडवा पुढे केला. मी प्यालो आणि पुढची ओळ धरली.