चौथी पायरी

मावशीचा चेहरा एकोणचाळीस हजार लोकांच्या फोनमध्ये होता, आणि त्यातल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही म्हणा. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. एकोणीस वर्षांत कुणी नाव विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिलाच क्षणभर आठवावं लागलं असतं.

हे चेहऱ्याचं प्रकरण सुरू झालं ते तिच्या वहीपासून. मावशी ज्या एजन्सीतर्फे कामाला जायची, तिथल्या मॅडमचा एक धाकटा दीर होता. दिवसभर फोनवर आज किती फॉलोअर वाढले ते बघायचा, म्हणून ऑफिसातल्या सगळ्या बायकांनी त्याचंच नाव 'फॉलोअर' पाडलं होतं. एकदा तो मावशीच्या कामावर फोटो काढायला गेला आणि त्याला खिडकीत ती वही दिसली. रुग्णाला भरवायचं कसं, अंघोळ घालायची कशी, कूस वळवायची कशी, टाचा आणि माकडहाड रोज का बघायचं, सगळं मावशीने आपल्या बोलीत लिहून ठेवलं होतं. चार वर्षं ती ज्यांचं करत होती, त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा डावा हात, डावा पाय गेला होता आणि जीभ जड झाली होती, पण उजवा हात शाबूत होता, आणि त्या हातात लाल पेन्सिल. त्या बाईंनी वहीचं पान न् पान तपासलं होतं.

फॉलोअर वही चाळून हरखलाच. म्हणाला, "मावशी, हे सोनं आहे. याचं ई-बुक करू. फुकट वाटू."

"फुकट कशाला?"

"लोक आपल्याकडे यावेत म्हणून. पुस्तक फुकट, फक्त वाचणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकायचा. नंबर आला की माणूस आपल्या यादीत आला. आज वाचेल, उद्या फोन करेल, परवा माणूस मागवेल."

म्हणजे गळाला लावायचं, हे मावशीला कळलं. पण तिने विचार केला, लावू दे गळाला, निदान पुस्तक तरी हातात पडेल कुणाच्या. घरात आई किंवा बाप अचानक पडला की माणसांची कशी गाळण उडते, हे तिने शंभर घरांत पाहिलं होतं. तिने वही दिली, त्याने पानांचे फोटो काढून ती परत केली. महिन्याभरात 'मावशींचा सल्ला' आलं, वर तिचा हसरा फोटो. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. पुस्तक उघडून मात्र पाहिलं नाही. आपणच लिहिलेलं काय वाचायचं, म्हणाली. हीच तिची चूक, आणि ती तिने पुढे सगळ्यांसमोर कबूल केली.

तिची लेक टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. एका रविवारी ती सहज पुस्तकाखालच्या प्रतिक्रिया वाचत बसली होती. वाचता वाचता तिने फोन पुढे धरला.

"अगं आई, हे बघ काय लिहिलंय."

कुणी एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याने लिहिलं होतं: 'मावशी, तुमच्या पुस्तकातल्या तीन पायऱ्या केल्या. चौथीसाठी सकाळपासून नऊ वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. बाबांचं अंथरूण ओलं होतं, किती वेळ तसंच ठेवणार? शेवटी गेलेला हात धरून ओढलं. खांदा निसटला. ते जे ओरडले ते माझ्या कानातून जात नाहीये. चौथी पायरी काय होती?'

मावशीला काही कळेना. चौथीसाठी फोन कशाला? चौथी पायरी तर त्याच पानावर होती. तिने लेकीच्या हातातून फोन घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक उघडलं. 'कूस कशी वळवावी. एक, रुग्णाच्या चांगल्या बाजूला उभे राहा. दोन, त्याचं डोकं हळूच आपल्याकडे वळवा. तीन, गेलेल्या बाजूचा गुडघा वाकवा. चौथी आणि सर्वात महत्त्वाची पायरी जाणून घ्यायची आहे? आजच फोन करा.' खाली एजन्सीचा नंबर, आणि नंबराशेजारी हसणारी मावशी.

भरवायच्या पानावर तेच. अंघोळीच्या पानावर तेच. आणि 'आमची गरज कधी नसते' हे वहीतलं शेवटचं प्रकरण, ज्यात घरच्यांना काय काय स्वतः जमू शकतं ते होतं, ते तर साफ गायब. मावशीला असा संताप आला की तिने फोन खाली ठेवला, नाहीतर तिने तो भिंतीवर आपटला असता. एका म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळला होता आणि त्या पानावर ती दात काढून हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती कामाआधी ऑफिसात जाऊन थडकली. मॅडम खुर्चीत, फॉलोअर सोफ्यावर. तिने सगळं सांगितलं. फॉलोअरचा चेहरा पडला हे खरं. तो म्हणाला, "पण मावशी, कुठेतरी थांबवावंच लागतं. सगळंच दिलं तर फोन कोण करेल?"

"फोन केला त्याने. नऊ वेळा. उचलला का कुणी?"

"त्या दिवशी फोन घेणारी मुलगी सुट्टीवर होती," फॉलोअर पुटपुटला.

मॅडमनी हात वर केला. "झालं ते वाईट झालं. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती काढतोय, त्यात बघू."

"आणि ज्यांच्याकडे जुनी गेली ते? तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. आज एक मेसेज टाका. चूक झाली, ही घ्या चौथी पायरी. एवढंच."

"चूक झाली असं लिहून द्यायचं? म्हणजे उद्या प्रत्येक जण आमच्या दारात."

"माझा चेहरा आहे त्यावर."

"मावशी, चेहरा तुमचा, पुस्तक आमचं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जास्त ताणू नका. बाईंच्या घरी तुम्हाला चार वर्षं आम्हीच पाठवतोय. आमच्याशी बिनसलं की त्या घराचं दार तुम्हाला बंद, हे कागदावर आहे. बुधवारी पुस्तक घेणारे चाळीस हजार होतायत, बाईंच्या खोलीतून तुमचं लाइव्ह ठेवलंय. मी लिहून देते तेवढंच बोला आणि हसा."

मावशी बाहेर पडली. रस्ताभर तिच्या डोळ्यांसमोर ते दार होतं. बाईंचं घर म्हणजे तिला नुसतं कामाचं घर नव्हतं. सकाळी कूस वळवायची, पाठ बघायची, मग बाईंनी पेपरातल्या चुका काढायच्या आणि हिने हसायचं, असं चाललेलं. ते सोडायच्या कल्पनेनेच तिच्या जिवाचं पाणी झालं.

बाईंना तिने सगळं सांगितलं. बाईंनी पुस्तक मागवलं. लेकीने दुकानात छापून दिलेली पानं उशीवर मांडून त्यांनी लाल पेन्सिल उचलली, आणि जिथे जिथे 'आजच फोन करा' होतं तिथे तिथे अशी फुली मारली की दोन ठिकाणी कागद फाटला. मग जड जिभेने एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "लाइव्ह... माझ्या खोलीत... ना? मग... माझ्यावर दाखव."

"अहो बाई, ते मला इथून काढतील."

"काढू देत," बाई म्हणाल्या. "भितेस?"

"भिते. तुमच्यासाठी भिते. उद्या कुणी नवखी आली आणि तुमचा हात ओढला तर?"

"म्हणून तर... दाखव."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या संध्याकाळी लेकीने दुकानात बसून अख्खी वही टाइप केली, गाळलेल्या प्रकरणासकट, आणि नेटवर टाकून तिची लिंक आईला दिली.

बुधवारी अकरा वाजता फॉलोअर आला. स्टँड लावला, फोन अडकवला, कागद मावशीच्या हातात दिला. बाईंच्या सुनेने केस विंचरून दिले होते आणि बाई लढाईला निघाल्यासारख्या पलंगावर पडल्या होत्या. लाइव्ह सुरू झालं. आठशे माणसं, मग बाराशे.

मावशीने कागद घडी करून कमरेला खोचला.

"मी मावशी," ती म्हणाली. "तुमच्याकडे जे पुस्तक आहे त्यावर माझा चेहरा आहे. ते पुस्तक अर्धं आहे. निघाल्यावर मी ते उघडून बघितलं नाही, ही माझी चूक. त्यापायी एका माणसाचा खांदा निखळला. त्यांची मी माफी मागते. आता पूर्ण बघा."

फॉलोअरने कॅमेऱ्यामागून दोन्ही हात हलवले, गळ्यावरून बोट फिरवलं, बंद कर म्हणून. मावशीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंच्या उजव्या बाजूला गेली. "हा डावा हात गेलेला आहे. याला ओढायचं नाही. कधीच नाही. हा दोन हातांनी उचलून असा छातीवर ठेवायचा. आता माझा एक हात यांच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे. आणि माझ्याकडे." बाई अलगद कुशीवर आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

फॉलोअर स्टँडकडे झेपावला होता, पण त्याचं बोट अर्ध्यातच अडलं. आकडा तीन हजारांवर गेला होता. एवढी माणसं त्या बिचाऱ्याने आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. खिशात त्याचा दुसरा फोन वाजायला लागला. मॅडमचा.

तेवढ्यात पडद्यावर मजकूर आला आणि मावशीने तो मोठ्याने वाचला. 'मी बसचा ड्रायव्हर. बाबांचा उजवा हात गेलाय. तुम्ही डाव्याचं दाखवलंत. आता हात पट्टीत आहे, कूस बदलायचीय आणि मला हात लावायची भीती वाटते. उजव्याचं दाखवा.'

मावशीने इकडे तिकडे पाहिलं. बाईंचा उजवा हात चांगला, तो चालायचा नाही. खिडकीशी एक दिवाण रिकामा होता. तिने स्टँडच त्या बाजूला फिरवला आणि म्हणाली, "ये रे बाळा, झोप इथे."

"मी?" फॉलोअर म्हणाला.

"तूच. बूट काढून."

चार हजार लोक बघत होते. पळावं तर नाक कापलं जाणार. त्याने बूट काढले आणि आडवा झाला. त्याचा उजवा हात मावशीने सैल सोडायला सांगितला आणि मनगट धरून जरासा, अगदी जरासा ओढला.

"आई गं," फॉलोअर म्हणाला.

"तू धडधाकट आहेस. यांच्या बाबांचा खांदा नुसत्या कातडीवर लोंबतोय म्हटलंस तरी चालेल. या पायरीला तू थांबवलं होतंस लोकांना." तिचा आवाज चढला नाही. फॉलोअर वर छताकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. "आता, दादा, तुम्ही बघा. पट्टी आहे म्हणता, तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या कुठल्या कुशीवर चालेल. ते हो म्हणाले की त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहा. पट्टीतला हात छातीवरच राहू दे, त्याला शिवूच नका. पाठीमागून घ्यायचं, असं. घाई नाही करायची. त्यांना सांगायचं, बाबा, वळवतोय." आणि तिने फॉलोअरला वळवलं, एकदा, मग पुन्हा एकदा, आणखी सावकाश.

शेवटी तिने पुस्तकाची नवी लिंक सांगितली. "फुकट आहे. नंबर मागणार नाही, नाव मागणार नाही. आमची गरज कधी नसते तेही त्यात आहे. घ्या आणि शेजाऱ्याला द्या."

लाइव्ह संपलं तसा फॉलोअरने दिवाणावर बसूनच मॅडमचा फोन घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि मावशीकडे दिला.

"उद्यापासून त्या घरात पाय ठेवायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठल्याच घरी आम्ही तुम्हाला पाठवणार नाही. आणि ती लिंक आत्ताच्या आत्ता काढा."

"काढत नाही."

"पुस्तक आमचं आहे, मावशी."

"तुमचं अर्धं होतं, ते तुमच्याकडे ठेवा," मावशी म्हणाली. "माझं लोकांकडे गेलं. परत मागायला चार हजार दारं फिरा."

तिने फोन फॉलोअरच्या हातात ठेवला. मग ती बाईंच्या पलंगाच्या कडेला टेकली. चार वर्षं गेली, कामही गेलं, आता लेकीच्या पगारावर घर. हे सगळं तिला त्या क्षणी लख्ख कळत होतं, आणि तरी परत तो कागद वाचायला कुणी सांगितलं असतं तर तिने परत कमरेलाच खोचला असता.

तासाभराने, ती डबा पिशवीत भरत असताना, फॉलोअरने दारातून हाक मारली. तो अजून गेला नव्हता. त्याने फोन बाईंच्या पुढ्यात धरला. बाईंनी चष्मा मागितला आणि वर्गात वाचायच्या तसं, एकेक अक्षर नीट लावत, वाचून दाखवलं.

"डॉ-क्टरांना... विचारलं. बाबांना... आत्ता वळवलं. ओर-डले... नाहीत."

मावशी पिशवी तशीच टाकून खाली बसली आणि रडली, आणि फॉलोअरने बघावं म्हणून तिने तोंड लपवलं नाही.