नावाची रिकामी जागा

"तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा बघू," डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मैनाबाई लाजल्या.

पदर तोंडाशी गेला, मान खाली गेली, खांदे हलायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी कुणी इतकं मनापासून लाजतं म्हटल्यावर पेणच्या त्या दवाखान्यातली नर्ससुद्धा हसली. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी गुणाजींच्या मनगटावरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट करून "हे काय?" विचारलं होतं. मैनाबाई बराच वेळ बघून म्हणाल्या होत्या, "ते... वेळेचं." त्यावर कागदावर एक बारीक खूण झाली होती. ती गुणाजींनी टेबलाच्या पलीकडून, उलटी वाचली होती.

"घरी तरी घेतात का तुमचं नाव?" डॉक्टरीणबाईंनी गुणाजींनाच विचारलं.

"नाय हो. जुन्या वळणाची हाय ती," गुणाजी म्हणाले आणि सगळ्यांबरोबर हसले.

तो प्रश्न सोडून दिला गेला.

गुणाजी साळवी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं टाइम ऑफिसला कारकून होते. माणूस गेटवर हातात डबा घेऊन जिवंत उभा असला तरी मस्टरवर शाईने गैरहजर पडलं की तो गैरहजर, हे त्यांनी स्वतःच्या हाताने शेकडो वेळा सिद्ध केलं होतं. त्यामुळे बायकोबद्दल कागदावर काही पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं. परतीच्या गाडीत नागोठणं येईपर्यंत ते स्वतःच्या हुशारीवर खूश होते. नागोठण्यानंतर ती खुशी उतरली.

कारण मैनाबाई जुन्या वळणाच्या असल्या तरी नाव न घेणाऱ्या नव्हत्या. घरात 'अहो' एवढंच. पण लग्न, डोहाळजेवण, हळदीकुंकू, कुठेही चार बायका जमल्या की उखाण्याला त्यांना पुढे करायचे. बाकीच्या पाठ करून यायच्या, या उभ्या उभ्या जुळवायच्या. गुणाजींचं नाव घरात कधी उच्चारलं गेलं नाही आणि बाहेर अख्ख्या रोह्याला पाठ झालं, ते असं.

महिन्यापूर्वी वालाच्या शेंगा सोलताना मैनाबाई आपल्याशीच आपला जुना उखाणा म्हणत होत्या: "वालाच्या शेंगेत दाणे बसले जोडीनं, गुणाजीरावांचं नाव घेते गोडीनं." चाळीस वर्षांचा उखाणा. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "दाणे बसले जोडीनं, नाव घेते गोडीनं." मधलं नाव गळलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. चाल जराही अडखळली नाही. गुणाजी पेपर वाचत होते. एकच बातमी ते दुपारपर्यंत वाचत राहिले.

आता पुढच्या रविवारी नातीचं बारसं होतं, कोलाडला, सुनेच्या माहेरी. तिथे उखाणा होणारच आणि उखाण्यासाठी आजीला पुढे करणारच. मुलगा सुजय, सून सुरभी, व्याही, चाळीस बायका, आणि मोबाइलवर शूटिंग. डॉक्टरच्या कागदापासून वाचवलेली गोष्ट हॉलमध्ये उघडी पडणार होती. सुजयला सांगून टाकावं, असं गुणाजींनी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा फोन लावून त्यांनी हवापाण्याची चौकशी केली.

मग त्यांनी शिकवणी सुरू केली. सकाळी चहा टाकताना ते म्हणायचे, "म्हण, गुणाजीराव." मैनाबाई म्हणायच्या, शहाण्या पोरीसारख्या. चहा गाळून होईपर्यंत नाव गेलेलं असायचं. स्वतःच्या बायकोला स्वतःचं नाव पाठ करायला लावणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो, हे गुणाजींना कळत होतं. बघायला कुणी नव्हतं, एवढं बरं.

बारशाला पाळणा झाला, आत्याने बाळाच्या कानात सांगून मनस्वी नाव ठेवलं, पेढे फिरले, आणि सुरभीच्या मावशीने हाक घातलीच.

"आजी, चला गो, उखाणा. फुकटचा पेढा नाय मिळायचा."

मैनाबाई हसत उठल्या. गुणाजी पुरुषांमध्ये दाराशी उभे होते. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या.

"वालाच्या शेंगेत दाणे बसले जोडीनं," मैनाबाईंनी खणखणीत सुरुवात केली, आणि थांबल्या. या वेळी त्यांना जागा दिसली. शेंगा सोलताना न दिसलेली ती रिकामी जागा चाळीस बायकांसमोर बरोबर दिसली. त्यांनी छताकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. बायकांना वाटलं, भाव खातेय. कुणीतरी टाळी वाजवली. मैनाबाईंचा हात पदराकडे गेला, पण लाजणंही जमेना. ओठ नुसते हलत राहिले. सुजयने मोबाइल हळूच खाली घेतला.

गुणाजी आत आले. बायकांच्या घोळक्यात, चपला घालूनच.

"मी घेतो," ते म्हणाले. आवाज चिरकला. "एकतीस वर्षं हजेरी लिहिली कंपनीच्या दारात, मैनाचं नाव घेतो मनस्वीच्या बारशात."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. मावशी म्हणाली, सत्तरी आली तरी म्हाताऱ्याला दम नाय. सुजय हसला नाही. तो आईकडे बघत होता, मग बापाकडे. निघताना तो रिक्षापर्यंत आला आणि म्हणाला, "बाबा, पेणला परत जाऊ. मी येतो." गुणाजींनी मान डोलावली. आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रिक्षा रोह्याच्या रस्त्याला लागली. मैनाबाईंच्या ओटीत नारळ होता, चेहरा शांत होता. उन्हं भातखाचरांवर उतरली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या माणसाचं यमक काय जमलं नाय."

"कुठल्या माणसाचं?"

"तो नाय का, दारातून आला तो. नाव घेतलं त्यानं." त्या जरा विचारात पडल्या. "मोठ्या घड्याळवाला."

किती दिवसांनी तो शब्द आला होता, आणि किती सहज.

"चांगला होता पण," मैनाबाई म्हणाल्या. "घाबरलेला दिसत होता बिचारा."

"व्हय," गुणाजी म्हणाले. मग त्यांनी शर्टाची दुमडलेली बाही हळूहळू घड्याळावरून खाली उलगडली आणि मनगटाशी बटण लावलं.