रुमाल टाकलेली खुर्ची

मालनबाईला विमानाची भीती नव्हती. एकदा आत बसलं की आपलं काम संपलं, पुढचं चालवणारा बघून घेईल. भीती होती ती मधल्या उतरण्याची. मुंबईहून दोहा, दोह्याला उतरून दुसरं विमान धरायचं आणि मग डब्लिन. तिथं तिचा धाकटा भाऊ जीवन राहत होता, आणि त्याच्या तीन महिन्यांच्या लेकीचं बारसं मालनबाईसाठी अडून बसलं होतं.

बारसं बाराव्या दिवशी करतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण आत्याने नाव घ्यायचं तर आत्या तिथं हवी, आणि आत्याचा व्हिसा काही पंचांग बघून येत नाही. नाव काढायचं कामही जीवनने आणि त्याच्या बायकोने, संजनाने, तिच्यावरच सोपवलं होतं. तिने ते काढलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पाळण्यात वाकून कानात सांगायचं नाव आधीच गावभर झालं, तर बारशाला लोकांनी काय नुसत्या घुगऱ्या खायला यायचं?

तिकीट निघालं आणि जीवन फोनवर बोलून गेला, "ताई, मधलं विमान चुकलं तर घाबरू नकोस. दुसरं मिळेल, पण दुसऱ्या दिवशी. हॉल शनिवारचाच आहे, तो काही पुढे जायचा नाही. मग तू व्हिडिओवर नाव घे. इथं संजनाची मैत्रीण शुभांगी आहे, ती आत्या म्हणून उभी राहील."

भाऊ धीर द्यायला बोलला होता. मालनबाईच्या ते काळजात रुतलं. आई लवकर गेली, तेव्हा या जीवनला तिने न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, त्याच्यासाठी भांडणं केली. आणि आता आत्याच्या जागेवर बदली माणूस तयार. आत्याची जागा म्हणजे एसटीतलं बाकडं आहे का, की एक उठलं आणि दुसरं बसलं? तिने फोनवर "बरं" म्हटलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"विमान चुकवायचंच नाय," मल्हारी म्हणाला. मल्हारी म्हणजे तिचा नवरा. नाशिकचा गंगापूर रोड संपून जिथं शेतं सुरू होतात तिथं त्यांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता. विमानतळ त्याने टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. "आपण तालीम करू. दोहा म्हंजी तरी काय हाय? द्वारकाच की. एका गाडीतून उतरायचं, दुसरीत बसायचं."

तालीम ठरली ती अशी. मालनबाईने एकटीने बसने नाशिकच्या द्वारका चौकात जायचं, तिथं उतरायचं, नाशिकरोडकडे जाणारी गाडी शोधायची आणि चढायचं. हातात सामानाची खरी पिशवी. मल्हारी मागे असणार, पण परक्या माणसासारखा. तो बोलणार नाही, खुणावणारही नाही.

द्वारकेला चारी अंगांनी ट्रक, ट्रॅव्हल्स आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर येत असतात. मालनबाई उतरली आणि क्षणभर तिला दिशाच कळेना. मग तिने एका पेरूवाल्याला विचारलं, त्याच्यावर विसंबून न राहता एका कॉलेजच्या मुलीला विचारलं, आणि दोघांचं जुळल्यावर पाय उचलला. गाडी मिळाली, बाकडंही मिळालं. शेजारच्या जागेवर तिने सवयीने मल्हारीचा रुमाल टाकला. लाल चौकड्यांचा, चांगला हातभर, फुलबाजारात तो डोक्याला बांधतो तो.

या रुमालाबद्दल नीट सांगायला हवं. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल आमच्याकडे सातबाऱ्याइतका पक्का असतो. रुमाल पडला की जागा आपली, मग रुमालवाला चहा पिऊन येवो नाहीतर जेवून येवो. त्यावर जो बसेल त्याने भांडायची तयारी ठेवूनच बसावं. त्या दिवशीही शेजारची जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली, कारण मल्हारी परक्या माणसाचं सोंग वठवायला टपरीवर कटिंग पीत उभा राहिला आणि गाडी सुटली. तो रिक्षाने नाशिकरोडला पोचला, तेव्हा मालनबाई स्टँडवर पिशवीवर बसून शेंगा खात होती.

"कुणाचं विमान चुकलं म्हणायचं?" तिने विचारलं.

"मी तपासणीला होतो," मल्हारी म्हणाला, आणि त्याने मुकाट्याने तिच्या हातातल्या शेंगा घेतल्या.

मुंबईच्या विमानतळावर निरोप देताना त्याने तोच रुमाल तिच्या पिशवीत कोंबला. "धुतलाय," म्हणाला. "जागा धरायला होईल." मग तो उगाच सामानाच्या गाडीची चाकं तपासत बसला.

दोह्याला तालीम कामाला आली. लोक जिकडे निघाले तिकडे मालनबाई निघाली. तपासणीवाल्याने डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून वास घेतला, तेव्हा तिने त्याच्यापुढे एक लाडू धरला. त्याने हसून हात जोडले आणि डबा बंद करून दिला. पुढे द्वारकेच्या शिस्तीने तिने आधी एका गणवेशवाल्याला विमानाचा पास दाखवला, मग एका झाडूवाल्या बाईला. दोघांनी हात एकाच दिशेला केले आणि ती तिच्या गेटापाशी पोचली. विमानाला अजून पुष्कळ वेळ होता. तिने दाराच्या अगदी जवळची खुर्ची पाहिली, कारण दारापाशी बसणारा आधी चढतो. बूड टेकवलं आणि तिला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होतं होय.

आता धीर आल्यावर माणसाला तहान लागते, आणि बाकीचंही सगळं आठवतं. मालनबाईने खुर्चीवर मल्हारीचा रुमाल पसरला, चारी टोकं नीट केली, सामान खांद्याला लावलं आणि ती निघाली. जागेची चिंताच मिटली होती. येताना मधल्या चौकात घराएवढं पिवळं, शोभेचं अस्वल बसलेलं तिने पाहिलं होतं आणि त्याच्या डोक्यातून दिवा बाहेर आला होता. ते पुन्हा जवळून बघितलं, मल्हारीसाठी फोटो काढला. पाणी पिण्याच्या जागी नळाला तोटीच सापडेना, तेव्हा एका बाईने हात पुढे करून पाणी कसं आपोआप येतं ते दाखवलं. मालनबाईने ते दोनदा करून बघितलं. पाणी थंडगार होतं.

परत आली तर खुर्चीवर एक धिप्पाड गृहस्थ बसलेला आणि रुमालाचा पत्ता नाही.

मालनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरं कोणी असतं तर त्याने आधी वर पाटी पाहिली असती, भोवतीची माणसं बदललीत हे पाहिलं असतं. तिने यातलं काहीएक पाहिलं नाही. टाकलेला रुमाल उचलला, या एका गोष्टीने तिच्या डोळ्यांपुढे लाल झालं होतं. "माझा रुमाल कुठंय?" तिने त्या गृहस्थाला मराठीत विचारलं. तो दचकून उठून उभा राहिला, खुर्चीखाली वाकून बघू लागला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

आणि तेवढ्यात तिला रुमाल दिसला. लांब, माणसं वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, गर्दीच्या डोक्यांवर कुणीतरी हात उंच धरला होता आणि हातात लाल चौकडा फडफडत होता. चोर तो चोर, वर झेंडा मिरवतोय, मालनबाई मनात म्हणाली. पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि निघाली. सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवायची तिची छाती नव्हती, म्हणून ती शेजारून चालली, मग पळाली. पहाटे फुलांची क्रेट वाहणारे पाय होते ते, अंतर कमी होत गेलं. वाटेत विमानाचा विचार एकदाही तिच्या डोक्यात आला नाही. रुमाल नवऱ्याचा होता आणि तो सोडायचा नव्हता, एवढंच तिला कळत होतं.

रुमाल एका गेटापाशी थांबला. धरणारी तिशीची मुलगी होती, जीन्स घातलेली, पाठीला सॅक. ती टाचा उंचावून मागची गर्दी न्याहाळत होती.

"काय गं पोरी," मालनबाईने धापा टाकत तिचा हातच धरला, "लाज नाय वाटत? टाकलेला रुमाल उचलत्यात का कुणी? माझ्या नवऱ्याचा हाय तो."

मुलीने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा खुलला की मालनबाईला पुढचं भांडण सुचेना.

"तुमना शे का, मावशी?" ती म्हणाली. "गेट बदली गयं आपलं. चाला, चाला, दार बंद करी ऱ्हायनात."

बागलाणची अहिराणी बोली मालनबाईला बोलता येत नव्हती, पण कळत होती. गेट बदललं होतं. त्या दारातून आता भलतंच विमान जाणार होतं आणि डब्लिनचं इथून. मुलीने काउंटरवरच्या माणसाकडे वळून रुमाल हलवला आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्याने मालनबाईचा पास घेतला, मशीनवर टेकवला आणि हाताने आत चला म्हटलं. त्यांच्यामागे मग दुसरं कोणी आलं नाही.

मालनबाई विमानात आपल्या जागेवर बसली. रुमाल जागच्या जागी असता, तर ती त्या खुर्चीवर ऐटीत बसून राहिली असती आणि तिच्या डोक्यावरून विमान उडून गेलं असतं, हे तिला आता कळलं. तिला रडूच फुटलं. मुलगी तिच्या शेजारच्या माणसाशी बोलून जागा बदलून आली. तिचं नाव मोहिनी, सटाण्याची, डब्लिनला दवाखान्यात नर्स होती.

"पाटीवर गेट बदललेलं दिसलं आणि सगळे उठले," ती आता सरळ मराठीत सांगू लागली. "खुर्चीवर रुमाल तसाच. जगात असा रुमाल कोण टाकतं, मावशी? म्हटलं, ही बाई आपल्याकडचीच. आणि तिला गेट बदललेलं ठाऊक नाही. थोडं थांबले, इकडेतिकडे पाहिलं. मग रुमाल वर धरून निघाले. इथल्या माणसाला सांगून ठेवलं, अजून एक बाई यायच्यात. त्याने नाव विचारलं. मला कुठं माहीत? मी रुमाल दाखवला."

"मी तुला चोर समजले गं," मालनबाई म्हणाली.

"मीपण भांडलेय पुष्कळ. सटाणा-नाशिक गाडीनेच कॉलेज केलंय मी. गाडी बिघडून दुसरी आली की रुमालवाल्याचा रुमालही बरोबर न्यायचा, असं आमचं ठरलेलं होतं."

मालनबाईने डबा उघडला. या वेळी लाडू कोणी नाकारला नाही.

डब्लिनला जीवन घ्यायला आला होता. त्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, म्हणूनच मी व्हिडिओचं म्हणत होतो. ती गोष्ट तिने मल्हारीसाठी राखून ठेवली.

शनिवारी हॉल माणसांनी भरला. मालनबाई मागच्या खोलीत घुगऱ्यांना फोडणी देत होती, कारण तिथल्या बायकांच्या हाताला तिखट नव्हतं. बोलावणं आलं तशी हात पुसत बाहेर आली, तर पाळण्याशेजारी नऊवारी नेसून, नथ घालून शुभांगी उभी. पोरगी देखणी होती, शोभत होती. मालनबाईच्या अंगावर घरचीच साडी, तीही फोडणीचा वास मारणारी. आपण उशीर केला, जागा गेली, असंच तिला वाटलं.

खुर्च्या कमी होत्या, बरीच माणसं भिंतीला टेकून होती. पाळण्याला अगदी लागून मात्र एक खुर्ची रिकामी होती. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत तिच्याकडे सरकले, तोच शुभांगी आडवी आली.

"काका, तिथं नको. मी तुम्हाला दुसरी आणते," ती म्हणाली. "ती आत्यांची आहे. जीवनने सकाळीच रुमाल टाकून ठेवलाय."

मालनबाईने पाहिलं. खुर्चीवर जीवनचा पांढरा, ऑफिसातला रुमाल पसरलेला होता, चारी टोकं नीट केलेली. सिन्नरच्या यात्रेला जाताना तीच त्याला खिडकीतून आत ढकलायची आणि म्हणायची, रुमाल टाक, टोकं नीट कर. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. भाऊ कोपऱ्यात फोटोवाल्याशी बोलत होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं.

तिने रुमाल उचलला, घडी घालून कमरेला खोचला. मल्हारीचा आधीच तिथं होता. डोळे पुसायला दोन्ही हाताशी असून तिने ते पदरानेच पुसले आणि पाळण्यावर वाकली. पोरगी टक्क जागी होती. "कुर्रर्र," मालनबाईने तिच्या कानात केलं, आणि इतके महिने पोटात ठेवलेलं नाव सांगितलं. "जुई."

आत्याने नाव घेतलं की बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, अशी रीत आहे. संजनाने हळूच घातली, शुभांगीने मात्र चांगली सणसणीत हाणली. मालनबाईला कळ आली आणि हसूही आलं. व्हिडिओवर नाव घेता आलं असतं, पण ही बुक्की मिळाली नसती.